भूतसंशोधन आणि प्लंबर

अतींद्रिय घटनांचा शोध घेणाऱ्या दूरचित्रवाणी मालिका, म्हणजे ज्यांत चार-पाच धाडसी माणसे रात्री एखाद्या पडक्या तुरुंगात शिरतात, तेथील दिवे स्वतःच मालवतात आणि मग अंधार फार आहे म्हणून घाबरतात अशा मालिका, ब्रिटनमध्ये २००२ साली ‘मोस्ट हॉन्टेड’ने आणि अमेरिकेत २००४ साली ‘घोस्ट हंटर्स’ने लोकप्रिय केल्या.

यांपैकी दुसऱ्या मालिकेचे प्रमुख जेसन हॉज व ग्रँट विल्सन हे पेशाने प्लंबर होते, आणि भूतसंशोधनाला याहून योग्य पात्रता शोधून सापडणार नाही. कारण तोटी झटकन बंद केली की वाहते पाणी अडते, त्याच्या धक्क्याने नळी भिंतीवर आपटते आणि घरमालकाला मृत आजोबांची आठवण होते, हे प्लंबरला कोणत्याही तत्त्वज्ञापेक्षा अधिक ठाऊक असते. आजोबांना निर्दोष ठरवून नळीला दोषी धरण्याची त्यांची तयारी हा या प्रकारातील सर्वांत मोठा गुण होय. मात्र नळी पाहण्यासाठी प्रेक्षक रात्री जागत नाही, ही निर्मात्यांची अडचणही समजून घेतली पाहिजे.

ही उणीव उपकरणे भरून काढतात. विद्युतचुंबकीय क्षेत्र मोजणारे हातातील यंत्र जुन्या वायरिंगजवळ नेले की लुकलुकते, आणि वायरिंगवर संशय घेण्याइतका कोतेपणा कोणी दाखवत नाही. ध्वनिमुद्रणातील खरखरीत मृतांचे बोलणे शोधण्याची पद्धत तर याहून सोयीची आहे. कारण निरर्थक आवाजातही अर्थ जुळवण्याची मेंदूला सवय असते आणि ती कमी पडलीच तर पडद्याखाली अक्षरे उमटतात, जी वाचून झाल्यावर भूत अगदी शुद्ध इंग्रजी बोलू लागते.

खरे संशोधन इतके रंगतदार नसते. कॉव्हेंट्रीचे अभियंते व्हिक टँडी यांना प्रयोगशाळेत अस्वस्थ वाटून डोळ्यांच्या कडेला करडी आकृती दिसली, तेव्हा त्यांनी तिला नाव-गाव न विचारता एका पंख्यापर्यंत माग काढला. हा पंखा सेकंदाला सुमारे १९ कंपनांचा, म्हणजे मानवी कानाला सहसा ऐकू न येणारा, ध्वनी निर्माण करीत होता. यावरील शोधनिबंध १९९८ साली प्रसिद्ध झाला. पंख्यावर मालिका मात्र निघाली नाही.

‘मोस्ट हॉन्टेड’कडे यंत्रांच्या जोडीला डेरेक अकोरा हे माध्यम, म्हणजे मृतांना स्वतःच्या मुखातून बोलू देणारे गृहस्थ, होते. मालिकेतील परामानसशास्त्रज्ञ कियारन ओ’कीफ यांनी २००५ मध्ये वृत्तपत्राला सांगितले, की त्यांनी ‘क्रीड केफर’ नावाचा एक दक्षिण आफ्रिकी तुरुंगाधिकारी कल्पून ते नाव अकोरा यांच्या कानावर जाईल अशी व्यवस्था केली, आणि तो कधीही न जन्मलेला अधिकारी यथाकाल त्यांच्या अंगात आला. या नावाची रोमन अक्षरे फिरवली की ‘डेरेक फेकर’, म्हणजे ‘लबाड डेरेक’, असे होते. अकोरा यांनी लबाडीचा आरोप नाकारला, हेही नोंदवणे न्याय्य ठरेल.

प्रकरण ऑफकॉम या ब्रिटिश प्रसारणनियामक संस्थेकडे गेले, तेव्हा तिने त्याच वर्षी निर्णय दिला, की ही मालिका गंभीर अन्वेषण नसून मनोरंजन आहे आणि म्हणून तिच्याकडून प्रेक्षकांची फसवणूक झालेली नाही. क्रीड केफर यांची बाजू ऐकून घेण्यात आली नाही.