कच्चं मडकं आणि सर्वानुमते मंजूर

जगाला सूचना द्यायलाच आपला जन्म झाला, याबद्दल मला कधी शंका आली नाही. बसस्टँडपासून ब्रह्मांडापर्यंत काय काय सुधारायला हवं, याची यादी माझ्याकडे कायम तयार असते. समोरून एखादी सूचना आली, की मात्र ती टीका असते, आणि टीका करणाऱ्याचं शिक्षण किती हे विचारावंसं वाटतं. आपल्या ग्रामसभेचा स्वभावही नेमका असाच असल्यामुळे तिच्याविषयी मला भावकीचं प्रेम आहे. गावाने आपलं ऐकावं असं तिला वाटतं. तिने गावाचं ऐकावं असं कायद्याला वाटतं. कायद्याने वर्षाला किमान चार सभा सांगितल्या आहेत. गणपूर्तीला १५ टक्के मतदार किंवा १०० मतदार, यांतला कमी आकडा पुरतो. तेवढेही जमले नाहीत तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही! म्हणजे लोक आले नाहीत, तर लोकांशिवाय चालेल. न येणं हासुद्धा एक अभिप्रायच असतो, पण इतिवृत्तात त्याला रकाना नाही.

माझं म्हणणं एवढंच की, सभा सुधारायची तर लोकांना शहाणं करण्याआधी सभेने आपली जागा आणि वेळ बदलावी. आपल्या हिंगोली जिल्ह्याचंच पाहा. सभा प्रथेने २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या आसपास ठरतात. २ ऑक्टोबरला सोयाबीन कापणीला आलेलं असतं आणि वर पावसाचा नेम नसतो. २६ जानेवारीला वसमतकडे हळद काढायची गडबड सुरू होते, आणि ऊसतोडीला गेलेली माणसं तर गावातच नसतात. यावर कुणी म्हणेल, सुट्टीच्या दिवशी सगळे मोकळे असतात. मोकळा असतो तो पगारदार. सोयाबीनला गांधीजयंतीची सुट्टी नसते. ‘लोकांना बोलायचंच नसतं’ हा दुसरा आक्षेप तर पारावर दहा मिनिटं बसलेला माणूस करणार नाही. तिथे रस्त्याच्या बिलापासून सरपंचाच्या मेव्हण्यापर्यंत सगळ्याची चर्चा तहकूब न होता चालते.

आता पारावरच्या तक्रारींचा विषय निघालाच आहे, तर संत नामदेवांना आणल्याशिवाय मला राहवत नाही. त्यांची नर्सी आपली, औंढा आपलं, त्यामुळे हक्कच आहे. कथा अशी की, संतमंडळींत गोरोबाकाका कुंभारांनी थापटणं घेऊन एकेकाचं डोकं ठोकून पाहिलं. बाकीचे गप्प बसले, नामदेव मात्र रागावले. निकाल लागला : मडकं कच्चं. नामदेवांनी काय केलं? जे मी केलं असतं तेच. तडक वरिष्ठांकडे, म्हणजे पंढरपूरला विठ्ठलाकडे, तक्रार घेऊन गेले. आणि विठ्ठलाने चक्क तपासणाऱ्याची बाजू घेतली! वर गुरू शोधायला औंढ्याला धाडलं. तिथे विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून निजलेले. नामदेवांनी पुन्हा हरकत घेतली. विसोबा म्हणाले, जिथे देव नाही तिथे ठेव माझे पाय. पाय नेतील तिथे पिंड. पुढे याच नामदेवांचं कीर्तन औंढ्याच्या देवळासमोर अडचण करतं म्हणून त्यांना मागे बसवलं, तेव्हा आख्यायिकेप्रमाणे अख्खं देऊळ फिरलं. नंदी अजून मागच्या बाजूला आहे. बोलणाऱ्याला ऐकणाऱ्याकडे वळवण्याऐवजी सभामंडपच वळवणारा दुसरा व्यवस्थापक माझ्या माहितीत नाही. आमच्याकडे मात्र माइकची जागासुद्धा बदलत नाही, कारण वायर तिथंवरच पोचते.

‘लोक नुसतं रडगाणं गातात’ हा तिसरा आक्षेप खरा आहे, आणि तिथे माझी थट्टा जरा थांबते. थोरामोठ्यांसमोर बाया बोलत नाहीत, हे ओळखून कायद्याने ग्रामसभेआधी महिलासभा घ्यायला लावली आणि तिचे ठराव ग्रामसभेपुढे ठेवायला सांगितले. ऐकून घेऊन सभेची रचनाच बदलल्याचं याहून चांगलं उदाहरण नाही. पण कित्येक गावांत ती सभा वहीतच होते. उन्हाळ्यात पाण्यासाठी घागरी घेऊन लांब जाणाऱ्या बाईचं नाव त्या वहीत सह्यांमध्ये सापडतं, तिचं पाण्याविषयीचं बोलणं सापडत नाही. खाली ‘सर्वानुमते मंजूर’ असतं. रडगाणं तर रडगाणं, निदान तिच्या शब्दांत लिहून घ्या की! त्याला खर्च फक्त शाईचा.

तेव्हा यंदा कुणीतरी ठराव मांडा : ऑक्टोबरची सभा सोयाबीन घरात आल्यावर, संध्याकाळी, पारावर घ्यावी; आणि मागच्या सभेतल्या कोणत्या सूचनेचं काय झालं हे आधी वाचून दाखवावं. ठरावात दुरुस्ती सुचवायची असेल तर जरूर सुचवा. मी रागावेन, पण तुम्ही लिहून घ्या.