सूचनापती

कार्यालयीन मनुष्यप्राण्यांत रजेचे अर्ज अडवणारे, टाचण्या जपून ठेवणारे आणि प्रिंटरमधला कागद संपवून निघून जाणारे अशा जाती पूर्वापार चालत आल्या असून, संगणकयुगाने त्यांत जी भर घातली तिला ‘सूचनापती’ म्हणणे योग्य ठरेल. सामायिक फोल्डर, म्हणजे विभागातील सर्वांना उघडता आणि बदलता येणारी फायलींची जागा, जेथे असेल तेथे ही जात आढळते; त्या जागेत काही हलले की सर्वांना आपोआप ई-मेल जावा अशी व्यवस्था लावून देणे, हे तिचे जीवितकार्य होय.

मुळात ही व्यवस्था समंजस आहे. शेअरपॉइंटसारख्या प्रणालीतील ‘अलर्ट’ या सोयीत नवी फाईल आल्याची, असलेली बदलल्याची किंवा एखादी काढून टाकल्याची सूचना वेगवेगळी मागता येत असे. ती तत्काळ यावी की रोजच्या अथवा साप्ताहिक सारांशातून, हेही ठरवता येत असे. सूचनापती मात्र ‘सर्व बदल’ आणि ‘तत्काळ’ यांवरच खूण करत आला आहे, कारण निवड करायची तर काहीतरी वगळावे लागते आणि वगळलेल्याचा जाब उद्या कोणीही विचारू शकतो. त्यामुळे सुट्ट्यांच्या यादीतील ‘चतुर्थी’ची वेलांटी कोणी सुधारली, तर ती वार्ता लेखा विभागापासून भांडारापर्यंत पोहोचते.

यादीत साहेबांचे नाव मानाने, हाताखालच्यांचे जबाबदारीने आणि शेजारच्या विभागाचे ‘मागाहून कटकट नको’ म्हणून येते. नाव काढण्याची मात्र प्रथा नसल्याने, बदली होऊन नागपूरला गेलेल्या लिपिकांना पुण्यातील फोल्डरची हालहवाल निवृत्तीपर्यंत कळत राहते. बैठकीत निविदेची जुनीच प्रत वापरली गेल्याचे उघड झाले की सूचनापती शांतपणे ‘मेल गेला होता’ एवढेच म्हणतो आणि त्याच्यापुरता विषय तेथे संपतो. इतर मंडळी आउटलुकमध्ये ‘रूल’, म्हणजे ठरावीक पत्रे परस्पर बाजूला सारणारा नियम, लावून हे सारे मेल एका न उघडायच्या फोल्डरात ढकलतात. हे समजल्यावर तो ‘सूचना वाचल्या जात नाहीत’ अशी सूचना सर्वांना धाडतो.

स्वयंचलित पत्राला स्वयंचलित उत्तर गेले तर दोन यंत्रे एकमेकांना अखंड लिहीत बसतील, हा धोका ओळखून 2004 च्या ‘आरएफसी 3834’ या इंटरनेटविषयक दस्तऐवजाने यंत्रांना संयमाचे नियम घालून दिले; माणसांसाठी तशी तरतूद त्यात नाही. मायक्रोसॉफ्टने शेअरपॉइंटची ही जुनी अलर्ट-सोय टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे 2025 मध्ये जाहीर केले, तेव्हा सूचनापतीचा अस्त जवळ आल्याची आशा काहींना वाटली. परंतु पर्याय म्हणून सुचवलेल्या ‘पॉवर ऑटोमेट’ या स्वयंचलनाच्या साधनातून ई-मेलसोबत ‘टीम्स’ या कार्यालयीन संवादाच्या मंचावरही संदेश पाठवता येतो, हे त्याने इतरांआधी हेरले होते.

वस्तुतः बहुतेक फोल्डरांना फाईल काढून टाकल्याची तत्काळ सूचना आणि उर्वरित बदलांचा साप्ताहिक सारांश पुरतो, तोही त्या फायलींवर प्रत्यक्ष काम करणाऱ्यांपुरता. वाचकांनी हे आपापल्या सूचनापतीच्या कानावर अवश्य घालावे, मात्र त्याच्या टेबलाशी जाऊन तोंडीच सांगावे. ई-मेलने कळवल्यास तो ते पत्र सामायिक फोल्डरात जपून ठेवील आणि त्याची सूचना सर्वांना जाईल.