टिकली फुटली का?

आपल्याकडे टिकली कपाळावर बसते, नाहीतर दिवाळीत फुटते. नोव्हेंबर २००० मध्ये तिने अमेरिकेचं अध्यक्षपद अडवून धरलं होतं.

फ्लोरिडात बऱ्याच ठिकाणी मतपत्रिकेला दाभणासारख्या टोचणीने भोक पाडून मत द्यायचं. भोक पडलं की कागदाची चौकोनी टिकली गळते. पण टिकल्याही शेवटी मतदारांच्याच, एक पाय तळ्यात, एक मळ्यात. एकाच कोपऱ्याने अडकली ती लोंबती, दोन कोपऱ्यांनी अडकली ती झुलती, आणि चारही कोपरे शाबूत पण पोट पुढे आलेली ती गर्भार. (चेष्टा नाही, वकीलमंडळी भर कोर्टात असंच बोलत होती.) ब्रॉवर्ड काउंटीतले न्यायाधीश रॉबर्ट रोझेनबर्ग भिंग लावून, डोळे वटारून मतपत्रिका न्याहाळताहेत, हे छायाचित्र जगभर गाजलं. आमच्या आजीने तांदळातले खडेही इतके मन लावून निवडले नसतील.

मतं साठ लाखांच्या आसपास, फरक ५३७चा, तोही उमेदवार जॉर्ज बुश यांच्या बाजूने. तो जाहीर करणाऱ्या राज्याच्या सचिव कॅथरिन हॅरिस या बुश यांच्या तिथल्या प्रचाराच्या सहप्रमुख, आणि गव्हर्नर जेब हे बुश यांचे धाकटे बंधू. घरचंच कार्य! देशभरात त्यांचे प्रतिस्पर्धी अल गोर यांना पाच लाखांहून जास्त मतं अधिक होती. पण तिकडे अध्यक्ष निवडतात ते राज्याराज्यांचे निर्वाचक, जनतेची बेरीज आपली शोभेला. आणि या वेळी सगळं अडलं होतं फ्लोरिडाच्या निर्वाचकांवर.

९ डिसेंबरला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने फ्लोरिडातली फेरमोजणी थांबवली. १२ डिसेंबरच्या रात्री पाच विरुद्ध चार असा निकाल आला. टिकली पारखायची रीत जागोजागी वेगळी, हे समानतेच्या हमीत बसत नाही. आणि नव्याने मोजावं तर वेळ नाही, निर्वाचक पक्के करायची मुदत आजच संपतेय. सासूबाईंनी आधी चूल विझवायची आणि मग सुनेला म्हणायचं, स्वयंपाकाला उशीर झाला हो! वर न्यायमूर्तींनी लिहून ठेवलं, आमचा हा विचार सध्याच्या परिस्थितीपुरताच. ज्यांचं अख्खं दुकान जुन्या दाखल्यांवर चालतं, त्यांनीच आपल्या मालावर पाटी लावली: एकदाच वापरावा.

दुसऱ्या दिवशी गोर यांनी हार मानली. तशी मतदानाच्या रात्रीही फोन करून मानली होती, पण थोड्या वेळाने दुसरा फोन करून परत घेतली होती. या खेपेला दुसरा फोन केला नाही.

२००१ साली फ्लोरिडाने कायदा करून भोकांच्या मतपत्रिका बंद केल्या. कायद्यावर सही गव्हर्नरांची, म्हणजे जेब बुश यांची.