कोट-अनकोट

आमचे आतोबा निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, पण त्यांच्या तोंडचं 'कोट-अनकोट' अजून नोकरीत आहे. परवा मुलीच्या साखरपुड्यात त्यांनी दोन्ही हातांची दोन-दोन बोटं कानांपाशी नेऊन सशासारखी हलवली आणि भर मांडवात सांगितलं, "हे आमचे कोट-अनकोट जावई!"

त्यांना 'होणारे' म्हणायचं होतं. पण व्याही पडले इंग्रजीचे मास्तर. असं जोडीनं म्हटलं की पुढचा शब्द 'तथाकथित' होतो, हे त्यांना ठाऊक. त्यांच्या हातातला पेढा हातातच राहिला.

मी तीस वर्षं स्टेनोगिरी केली आहे, त्यामुळे या जोडगोळीशी माझा जुना परिचय. डिक्टेशन देताना साहेब 'कोट' म्हणाले की अवतरणचिन्ह उघडायचं, 'अनकोट' म्हणाले की मिटायचं. उसने शब्द मध्ये. दोन्ही एकदम म्हणणं म्हणजे दार उघडून पाहुणा आत यायच्या आधीच लावून घेणं. (अमेरिकेत आता सर्रास तसंच म्हणतात, शब्दकोशांनीही नोंद घेतली आहे. माझ्यातला स्टेनो मात्र अजून रुसलेला आहे.)

एकदा साहेबांनी 'कोट' म्हटलं आणि फोन वाजला. फोन संपला तेव्हा साहेब तापलेले; 'अनकोट' विसरले. मी हुकमाचा ताबेदार, चिन्ह उघडंच ठेवलं. समोरच्या कार्यालयाचं एक वाक्य उद्धृत करायचं होतं, पण साहेबांनी त्यांना झाडलेलं सगळं त्यांच्याच तोंडी गेलं. आठवड्याने उत्तर आलं : आमचा कारभार इतका ढिसाळ असल्याचं आम्ही कधी आणि कोणत्या पत्रात कबूल केलं, ते कळवावे.

तर मांडवात शांतता. आत्या पुढे झाली, व्याह्यांच्या ताटलीत आणखी एक पेढा ठेवला आणि म्हणाली, "मनावर घेऊ नका. ह्यांना इंग्रजी येतं म्हणे."

मास्तर खो खो हसले. आणि मला वाटलं, हे 'म्हणे' घरात असताना आपण बोटं का हलवतो? शब्द दुसऱ्याचे आणि माझा त्यावर विश्वास नाही, दोन्ही कामं ते एकटं करतं. संस्कृतातलं 'इति'ही बोलणं संपल्यावरच येतं. म्हणजे आपल्याकडे कोट नाहीच, नुसतं अनकोट. मोडीत तर शब्दसुद्धा सुटे करत नसत, अवतरणचिन्हं कुठली! 1850 साली मेजर कँडीसाहेबांनी 'विरामचिन्हांची परिभाषा' लिहिली आणि मराठीला हा सगळा ऐवज रीतसर मिळाला. त्याआधीही कोण काय बोललं ते लोकांना बरोबर कळत होतं, आणि भांडणंही वेळेवर होत होती.

लग्न मार्गशीर्षात आहे. आतोबांच्या दोन्ही मुठी शेवटपर्यंत अक्षतांनी भरलेल्या ठेवायच्या, एवढं आम्ही ठरवलं आहे.