राहुटीचा रजिस्टर नंबर

गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात चक्कर मारा. तमाशाच्या राहुट्या लागलेल्या दिसतील. फडाच्या नावाचा फलक, आत सतरंजी, सतरंजीवर मॅनेजर आणि मॅनेजरपुढे डायरी. एवढंच ऑफिस. जीपमधून यात्रा कमिटी उतरते. पुढारी दिसणारा बोलतो, खरा पुढारी गप्प बसून भाव ऐकतो. ‘‘आमची यात्रा वद्य अष्टमीला. तारीख मोकळी आहे का?’’ अष्टमीला सगळ्यांचेच देव जागे होतात, म्हणून तिचा भाव चढा. भाकड दिवसाचा उतरता. ‘‘गेल्या वर्षी शेजारच्या गावात तुम्ही कमी घेतले होते’’ इथपासून घासाघीस सुरू होते आणि चहाच्या तिसऱ्या कपाला सुपारी ठरते. इसार दिला, नाव लिहिलं, झालं. टेंडर नाही, सादरीकरण नाही, दीपप्रज्वलन तर नाहीच नाही.

या व्यवहाराला आता भारदस्त नाव आलंय. कलाकार आणि बाजार यांच्यामध्ये उभी राहणारी स्थानिक मध्यस्थ संस्था! सांस्कृतिक उद्योग जगवायचा तर अशा संस्थांना बळ द्या, असं परिसंवादांतून सांगितलं जातं. बरोबरच आहे. पण आपल्याकडे ‘मध्यस्थ’ म्हटलं की ‘दलाल’ ऐकू येतं, आणि ‘संस्था’ म्हटलं की अध्यक्ष, उपाध्यक्ष, कार्याध्यक्ष. राहुटीत यातलं कोणीच नाही. म्हणून ती संस्था नाही.

सर्जनशील अर्थव्यवस्थेचा शोध सरकारलाही लागलाच. मे 2025 मध्ये 1 ते 4 तारखेला मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलात ‘वेव्हज’ ही दृक्-श्राव्य आणि मनोरंजन क्षेत्राची शिखर परिषद भरली. अ‍ॅनिमेशन, गेमिंग असल्या विद्यांसाठी सुमारे 400 कोटींची राष्ट्रीय संस्थाही मुंबईच्या वाट्याला आली. येऊ द्या, पोटात दुखण्याचं कारण नाही. फक्त पंचांग पाहा. त्या वर्षी अक्षय्य तृतीया 30 एप्रिलला होती आणि बुद्धपौर्णिमा 12 मेला. म्हणजे मुंबईत सर्जनशीलतेचं भवितव्य ठरत होतं, तेव्हा बुद्धपौर्णिमेला संपणाऱ्या फडांच्या हंगामाचा शेवटचा पंधरवडा चालू होता. एकाच राज्यात दोन मंडप, एक वातानुकूलित. दुसऱ्यात रात्री दहाला कर्णा बंद करायला पोलीस.

राहुटीची आरती ओवाळण्याचा मात्र माझा विचार नाही. राहुटी तारखा विकते. हंगाम उभा करायचे पैसे तिच्याकडे नसतात. दसऱ्याला फड बाहेर पडतो, त्याआधी पावसाळ्यातच कलावंतांना उचल द्यावी लागते. गाड्या दुरुस्त करायच्या, तंबू शिवायचा, मोठ्या फडात शंभरेक पोटं. हा पैसा सावकाराकडून येतो, त्याच्या व्याजानं. मालक सावकाराला बांधलेला, नाचणारी मालकाला. गण-गवळणीच्या आधी व्याज उभं राहतं आणि वग संपला तरी ते संपत नाही.

2020 चा पाडवा 25 मार्चला होता. टाळेबंदीचा पहिला दिवसही तोच. सुपाऱ्या घ्यायच्या दिवशीच देश बंद! यात्रा रद्द झाल्या, पुढच्या वर्षी पुन्हा रद्द झाल्या. देवांनी समजून घेतलं. व्याज मात्र त्या दोन्ही वर्षी मुखपट्टी न लावता हिंडत होतं.

अशा वेळी आपली सरकारी हौस पुरस्कारावर भागते. नारायणगावचंच नाव लावणाऱ्या तमाशासम्राज्ञी विठाबाई 2002 मध्ये हलाखीत गेल्या. आता त्यांच्या नावानं राज्याचा जीवनगौरव पुरस्कार आहे. जीवन संपल्यावर गौरवाची आमच्याकडे कधी टंचाई नसते.

खरं तर मागणं फार रुक्ष आहे. आषाढात बँकेच्या दरानं उचलीपुरते पैसे देणारं कोणीतरी हवं, आणि कलावंताच्या उचलीचा हिशेब उघड्या वहीत ठेवणारं कोणीतरी. बँक विचारते, तारण काय? कारखान्याच्या ऑर्डरी पाहून ती कर्ज देते. मग फडाच्या गेल्या पाच वर्षांच्या डायऱ्या चाळायला काय हरकत आहे? कुठल्या गावानं किती दिले, कोणी बुडवले, कोणी वर बक्षीस दिलं, सगळं त्यात आहे. सर्वेक्षणासाठी सल्लागार नेमण्याआधी त्या वाचल्या तर सल्लागाराचे पैसे वाचतील. याच कारणानं त्या वाचल्या जाणार नाहीत.

उद्या असा एखादा सल्लागार टॅबलेट घेऊन राहुटीत शिरलाच, तर पहिला प्रश्न विचारेल, ‘‘आपल्या संस्थेचा रजिस्टर नंबर?’’

मॅनेजर डायरी उघडेल. ‘‘तो राहू द्या साहेब. यात्रा कधी तुमची? आणि इसार किती ठेवताय?’’