नकाशा काढणाऱ्यांस सक्त सूचना

ज्याच्याकडे आकडे आहेत तो पुणेकर गप्प बसत नाही आणि ज्याच्याकडे नकाशा आहे तो तर उभा राहूनच बोलतो. सोसायटीची वार्षिक सभा असो, माननीयांचा कार्यअहवाल असो किंवा बारावीची भूगोलाची प्रात्यक्षिक वही, गाडी अडते ती एकाच ठिकाणी : हे आकडे कोणत्या आलेखात बसवायचे? आकडेवारीचा स्वभाव पाहून ठरवा, असे पाठ्यपुस्तक म्हणते. हा मार्ग लांबचा आहे. आपल्याला काय दाखवायचे नाही, ते आधी ठरवावे. मग आलेख आपोआप सापडतो.

सुरुवात पाण्यापासून करावी, कारण पुण्यात भांडणाचीही सुरुवात तिथूनच होते. खडकवासला साखळीत चार धरणे आहेत. वरसगाव 12.82 टीएमसी, पानशेत 10.65, टेमघर 3.71 आणि खुद्द खडकवासला 1.97. एकूण 29.15. जुलैत दमदार पाऊस झाला की खडकवासला भरते, मुठेत पाणी सोडले जाते, भिडे पूल बुडतो आणि त्याचे फोटो काढायला अर्धे शहर लोटते. पाणीकपात नको असे आपले मत असल्यास हाच मुहूर्त साधून टक्केवारीचा स्तंभालेख काढावा. खडकवासल्याचा स्तंभ थेट शंभरावर टेकतो, वरसगावचा अर्ध्यावर असला तरी बिचारा शेजारीच उभा असतो आणि पाहणाऱ्याला वाटते, चला, यंदाची चिंता मिटली. खडकवासला सगळ्यांत लहान आहे, ही गोष्ट टक्के कुणाला सांगत नाहीत. कपात हवी असल्यास तेच आकडे टीएमसीत मांडावेत. खडकवासल्याचा काठोकाठ भरलेला स्तंभ लगेच पायरीएवढा होतो.

चारही धरणांचा साठा एकाच उभ्या स्तंभात एकावर एक रचून, वर 29.15 ची रेघ मारली की खरी परिस्थिती एका नजरेत कळते. याला विभाजित स्तंभालेख म्हणतात. सभेत वाद मिटावा अशी इच्छा असणाऱ्यानेच तो काढावा. असा गृहस्थ अजून भेटायचा आहे.

नकाशावर धरणांच्या जागी वर्तुळे काढायची झाल्यास एक जुनी युक्ती आहे. वरसगावची क्षमता खडकवासल्याच्या साडेसहापट. म्हणून त्रिज्याही साडेसहापट घ्यावी. डोळा मात्र त्रिज्या पाहत नाही, क्षेत्रफळ पाहतो, आणि ते होते बेचाळीसपट. वर्गमूळ काढून त्रिज्या अडीचपट घेणे हा नियम आहे. तो परीक्षेपुरता लक्षात ठेवावा.

पावसासाठी तालुके रंगवावेत. क्षेत्रघनी नकाशा दिसतो छान आणि रंगपेटीही संपते. मावळ तालुका गडद निळा केला की लोणावळ्याचा चार हजार मिलिमीटरच्या घरातला पाऊस तळेगाव दाभाड्यालाही फुकटात मिळतो. तळेगावकरांना प्रत्यक्षात तो मिळत नसला तरी कागदावर तक्रार कशाला? ढगांना तहसील कार्यालयाची हद्द माहीत नसते. घाटमाथ्यावर कोसळून ते पुण्यात येईतो दमतात आणि इंदापूरला पोहोचेतो नावापुरते उरतात. हे असे हळूहळू उतरत जाणे दाखवायला समघनी नकाशा लागतो, म्हणजे सारख्या पावसाची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा. या रेषा एकमेकींना छेदत नाहीत. शिस्त पाळणारी पुणे जिल्ह्यातली ही एवढीच वाहतूक असावी.

मात्र समघनी रेषांना पुरेशी केंद्रे लागतात. शिवाजीनगर, पाषाण आणि लोहगाव अशा तीन तापमानांवर अख्ख्या शहराच्या समताप रेषा बेधडक ओढाव्यात. मधल्या भागातले लोक हरकत घेतील, पण ते एरवीही घेतात. 1928 मध्ये वेधशाळा सिमल्याहून पुण्यात आली, चौकाला सिमला ऑफिस हे नाव चिकटले, तरी पुणेकराचा खरा विश्वास स्वतःच्या गॅलरीतल्या तापमापकावरच आहे.

लोकसंख्येला टिंब पद्धत उत्तम. सगळी कला टिंबाच्या किमतीत आहे. एक टिंब म्हणजे दहा हजार माणसे धरल्यास 2011 च्या जनगणनेप्रमाणे पुणे शहर तालुक्याला 330 टिंबे येतात आणि तिथे शाईची दौत सांडल्यासारखे दिसते. वेल्ह्याच्या, म्हणजे आताच्या राजगड तालुक्याच्या वाट्याला पाच. ती पाच कुठेही टाकू नयेत. एखादे पानशेतच्या जलाशयात पडले तर दहा हजार माणसे बुडतात. एक टिंब एक लाखाचे केले की प्रश्नच मिटतो, अख्खा तालुका निर्मनुष्य होतो. निधीवाटपाच्या बैठकीला हा नकाशा फार सोयीचा.

तेवढी हातोटी नसेल, तर जिल्ह्याची सरासरी घ्यावी : दर चौरस किलोमीटरला 603 माणसे. या घनतेत राहणारा माणूस ना कसबा पेठेत सापडतो ना तोरण्याच्या पायथ्याशी. म्हणूनच हा आकडा कुणाला बोचत नाही.

शहराची वाढ रेषालेखानेच दाखवावी. 2017 मध्ये 11 गावे आणि 2021 मध्ये 23 गावे महापालिकेत आली, हद्द पाचशे चौरस किलोमीटरच्या पुढे गेली. हे तळटीपेत न लिहिल्यास रेषा अशी उसळते, जणू पुणेकरांनी एका रात्रीत पराक्रम केला. पुढे फुरसुंगी आणि उरुळी देवाची वगळल्यावर ती किंचित खाली येते, तिथे आलेख थांबवावा. हद्द आजची आणि डोकी 2011 ची घेणेही चालते. 2021 ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे खोडून काढायला कुणाकडे नवे आकडे नाहीत.

विभाजित वर्तुळाबद्दल फार सांगण्यासारखे नाही. टक्क्यांना 3.6 ने गुणावे, आणि सगळ्या वाट्यांची बेरीज शंभरावर गेल्यास 'इतर' नावाचा वाटा कापावा.

शेवटी दिशादर्शक बाण, प्रमाण आणि सूची. सूची पुरंदर तालुक्यावर छापू नये, सासवडचे लोक विचारायला येतात. सादरीकरणानंतर पहिल्या रांगेतले एक आजोबा हमखास उठतील. पद्धत, वर्गांतर, टिंबाची किंमत, यांतले काहीही ते विचारणार नाहीत. ते विचारतील, "यात आमची सोसायटी कुठेय?" नकाशाचे प्रमाण काहीही असो, ठामपणे कुठेतरी बोट ठेवावे. कर्वेनगरच्या आसपास ठेवलेले बरे.