सव्वा लाखाची मूठ

काल्हेरला खिडकीचं हँडल हातात आलं की माणसापुढे तीन वाटा असतात. नाक्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडून शंभर-दीडशे रुपयांत नवं आणावं, फोनवरून मागवावं, किंवा तात्यांना सांगावं. पैकी तिसऱ्या वाटेला आपल्याला जावं लागत नाही. ती जिना उतरून आपल्या दारात येते. हँडल फरशीवर पडल्याचा आवाज तात्यांना दोन मजले वर ऐकू जातो. तो वाटी पडल्याचा नसून जस्ताच्या ओतकामाचा आहे, हेही त्यांना तिथूनच कळतं.

तात्या हे कुणा एकाचं नाव नाही. कशेळीचा पूल ओलांडून अंजूरफाट्याकडे निघालं की मेट्रो पाचच्या खांबांच्या दोन्ही अंगांना, गोदामांच्या अधेमधे जेवढ्या सोसायट्या लागतात, तेवढे तात्या आहेत. कुठे त्यांना अण्णा म्हणतात, कुठे नाना, कुठे नुसतेच ‘बी विंगचे काका’. साठी उलटलेली, चष्मा कपाळावर आणि इतरांच्या खिशात पेन असतं तिथे टेस्टर. टेस्टर आपला नावाला. त्याने वीज तपासलेली कुणी पाहिलेली नाही, स्क्रू मात्र गावभरचे आवळलेले आहेत. आमच्या विंगच्या तात्यांनी तर एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना हॉलच्या खिडकीची कुरकुरणारी बिजागरी आवळली होती. अक्षता डाव्या हातात, टेस्टर उजव्या. ‘सावधान’ म्हटल्यावर त्यांनी फक्त बोट सांभाळलं.

हा माणूस काल्हेरात उगवला नाही, ठाण्याहून आला. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली आणि तिची पहिली औद्योगिक वसाहत ठाण्यात वागळे इस्टेटला उभी राहिली. तात्या तिथल्याच एका कंपनीत फिटर. त्याआधी आयटीआयची दोन वर्षं. तिथे व्हाइसमध्ये लोखंडी ठोकळा धरायचा, त्यावर कानस मारायची, मग गुण्या लावून ठोकळा उजेडाकडे धरायचा. फटीतून उजेड दिसला की सर म्हणायचे, पुन्हा. पुढे उभी नोकरी व्हर्नियरच्या संगतीत गेली. त्या व्हर्नियरवर मिलिमीटरचे दोन शतांशसुद्धा वाचता येतात, आणि तेवढ्याशा फरकानेही जॉब परत यायचा. मग कंपनी गेली आणि जमिनीवर पोहण्याचा तलाव असलेला टॉवर आला. फंडाच्या पैशांत त्या टॉवरमधलं फार तर न्हाणीघर आलं असतं; खाडीपलीकडे काल्हेरला वन बीएचके आला.

आणि शतांशात मोजणाऱ्या या माणसाला बिल्डरने खिडक्या दिल्या अंदाजपंचे. सॅम्पल फ्लॅटमधली खिडकी एका बोटाने सरकत होती. ताबा मिळाला त्या फ्लॅटमधली दोन हातांनी आणि एका पायाने सरकते. पावसाळ्यात खाडीकडून आडवा पाऊस, एरवी रस्त्याची धूळ आणि कंटेनरचा धूर, संध्याकाळी डास. त्यामुळे काल्हेरची खिडकी दिवसातून इतक्यांदा लावावी-उघडावी लागते की कुठलंही हँडल फार काळ तग धरत नाही. सगळा गाव वैतागतो. तात्यांना मात्र इथे कामाची ददात नाही.

तात्या आले की लगेच कामाला हात घालत नाहीत. आधी खिडकीसमोर उभे राहतात. चष्मा कपाळावरून नाकावर येतो. मग पहिला प्रश्न:

“आधी कुणी हात लावला होता का?”

या प्रश्नाला बरोबर उत्तर नाही. ‘हो’ म्हटलं तर “तरीच.” ‘नाही’ म्हटलं तर “वाटलंच मला.”

त्यानंतर निदान. तात्यांच्या मते हँडल कधीच आपणहून तुटत नाही, त्याला तोडलं जातं. स्लायडिंगच्या झडपेखाली दोन छोटी चाकं असतात, त्यांना बाजारात बेअरिंग म्हणतात. धूळ खाऊन ती झिजतात, झडप दोनेक मिलिमीटर खाली बसते आणि लॉकची जीभ समोरच्या खाचेत शिरायचं सोडून काठावर आपटते. माणूस जोर लावतो. स्वस्तातलं ओतीव हँडल वाकत नाही, मानेशी कडकन तुटतं. मग लोक नवं हँडल आणतात. तेही त्याच काठावर आपटतं आणि त्याच जागी तुटतं. “रोग पायात, आणि तुम्ही टोपी बदलताय,” असं म्हणून तात्या खाली बसतात. तात्यांचा खरा ताप हाच आहे की ते बरोबर असतात. चुकीचे असते तर त्यांना चहा पाजून वाटेला लावता आलं असतं.

तिसऱ्या मजल्यावर एक तरुण जोडपं राहतं. त्यांच्या बेडरूमच्या खिडकीचं लॉक गेलं तेव्हाचं काम सगळ्या विंगने पाहिलं, कारण त्या खिडकीतून बाहेर आलेली दोरी खालून दिसत होती. झडप काढायची म्हणजे आधी ती वरच्या खोबणीत उचलायची आणि मग खालचा काठ आपल्याकडे ओढायचा. हात निसटला तर काच थेट पार्किंगमध्ये. म्हणून तात्यांनी झडपेला सुती दोरीचे दोन वेढे दिले आणि टोक पलंगाच्या पायाला बांधलं. नवऱ्याच्या हातात टॉर्च दिला. घर कुणाचंही असो, तात्यांच्या कामात घरमालकाची बढती टॉर्च धरण्यापलीकडे होत नाही.

“टॉर्च माझ्या तोंडावर नको, कामावर धर.”

“धरलाय ना, तात्या.”

“हलतोय. कंपनीत असतास तर संध्याकाळपर्यंत टिकला नसतास.”

बेअरिंगं बदलली, झडप वर आली. पण लॉकच्या स्क्रूचे आटे गेलेले. दुसरा कुणीही जरा जाड स्क्रू पिळून मोकळा झाला असता. तात्यांनी पिशवीतून आटे पाडायचा टॅप काढला. “चारचा टॅप, म्हणजे आधी तीन पॉइंट तीनचं ड्रिल,” हे ते टॉर्चवाल्याला नव्हे, स्वतःलाच सांगत होते. सेक्शनचा पत्रा जेमतेम सव्वा मिलिमीटर, आणि चारच्या स्क्रूचा पिच ०.७, म्हणजे त्यात दोन आटेसुद्धा धड बसत नाहीत. म्हणून मागून तीन मिलिमीटरची पट्टी. पंचाने पट्टीवर ठिपका, ठिपक्यावर ड्रिल, भोकात रॉकेलचा थेंब. मग टॅप अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. मागे फिरवला की आतला अ‍ॅल्युमिनियमचा कीस तुटतो. पुन्हा अर्धा पुढे, पाव मागे. एवढा वेळ तात्या एक अक्षर बोलले नाहीत. एरवी झोपेतही बोलणारा हा माणूस गप्प झाला की समजावं, ते आता काल्हेरात नाहीत. वागळे इस्टेटला सेकंड शिफ्ट चालू आहे आणि सुपरवायझर मागे उभा आहे.

लॉक बसलं, एका बोटाने लागलं. तात्यांनी व्हर्नियर लावला आणि मान हलवली. “चार शतांश राहिले.” ज्या भिंतीत ती खिडकी आहे ती भिंतच ओळंब्यातून अर्धा इंच बाहेर आहे. पण भिंत त्यांनी बांधलेली नाही, त्यामुळे तिची जबाबदारी ते घेत नाहीत.

हार्डवेअरवाला तात्यांना लांबून ओळखतो आणि दिसताक्षणी हिशेबाची वही उघडून खाली मान घालतो.

“काका, ये पीस अब नहीं आता. पूरा सेट लेना पडेगा.”

“सेट कशाला? यातली फक्त स्प्रिंग दे.”

“स्प्रिंग का रेट मेरे को मालूम नहीं है, काका.”

बाहेरच्या बाजूला उघडणाऱ्या खिडक्यांच्या हँडलांत डावं-उजवं असतं. दुकानदाराच्या खोक्यात ती एकत्र असतात. तात्या तासभर बसून ती वेगळी करतात, दोन खोक्यांवर खडूने ‘डा’ आणि ‘उ’ लिहितात, काहीही विकत न घेता चहा पिऊन निघतात. नव्या टॉवरमधल्या यूपीव्हीसीच्या खिडक्यांबद्दल मात्र ते आदराने बोलतात. त्या युरोपीय पद्धतीच्या हँडलाची चौकोनी दांडी सर्रास सात मिलिमीटरची, दोन स्क्रूंमधलं अंतर सर्रास त्रेचाळीस. “याला म्हणतात स्टँडर्ड. जर्मनीतलं हँडल काल्हेरच्या खिडकीला बसेल. आणि आपल्याकडे? ए विंगचं बी विंगला बसत नाही, बिल्डर एकच!”

ऑनलाइनवाल्यांशी त्यांचा वाद वेगळाच आहे. तळमजल्यावरच्या मुलाने एकदा हँडल मागवलं. पार्सल कुठे आहे असं विचारलं की फोन दोन दिवस एकच उत्तर देई: भिवंडी. देशभरातले लोक हा शब्द फोनवर वाचून वाट बघतात. तात्या गच्चीवर गेले आणि त्यांनी गोदामांच्या पत्र्यांकडे बोट दाखवलं. “हे काय, समोर तर आहे! नंबर दे, मी जाऊन आणतो.” गेलेही. वॉचमनने आत सोडलं नाही, पण त्याच्या केबिनच्या खिडकीची कडी नीट करून आले. पार्सल आलं ते उजव्या हाताचं, हवं होतं डावं. मग तात्यांचा पत्र्याचा डबा उघडला. बिस्किटं कुठल्या काळी संपली ते कुणाला आठवत नाही. आता त्यात ‘लागेल कधीतरी’ असं सगळं आहे: जुन्या चाळीच्या दारांचे पितळी कोयंडे, खिट्ट्या, वाकडे बोल्ट, अर्ध्या बिजागऱ्या. त्यात हँडलंही निघाली. सगळी उजवी.

एवढ्या मोठ्या कारागिराच्या घरच्या खिडक्या मोडक्या असतील असं वाटेल, तर तसं अजिबात नाही. एकही हँडल हलत नाही, एकही स्क्रू ढिला नाही. फक्त त्या खिडक्या तात्यांशिवाय कुणाला लावता येत नाहीत. प्रत्येकीची रीत वेगळी. स्वयंपाकघरातली आधी आत ओढून मग फिरवायची, हॉलमधली थोडी उचलून, बेडरूमची एका हाताने वरचा कोपरा दाबून. पाहुण्यांना वारा हवा असेल तर पंखा लावला जातो.

जूनमधल्या एका दुपारी तात्या स्प्रिंग शोधायला ठाण्याला गेले आणि इकडे आभाळ फाटलं. काकूंनी फोन लावला.

“अहो, हॉलची खिडकी लागत नाहीये. सोफा भिजतोय.”

“आधी आत ओढ. ओढलीस? आता बोटभर वर उचल. बोटभर म्हणजे बोटभर, वीतभर नाही. आता हँडल अर्धं फिरव आणि थांब…”

पलीकडून ‘फाड’ असा आवाज आला.

“काय केलंस?”

“चापट मारली. लागली.”

“कुठे मारलीस?” तात्या भर बाजारात ओरडले. “नक्की जागा सांग!”

काकूंच्या वहीत या सगळ्याचा जमाखर्च असतो. दीडशेचं हँडल वाचवायला लागलेलं रिक्षाभाडं, टॅपचा सेट, रॉकेल हल्ली मिळत नाही म्हणून कुणाकडून तरी मागून आणलेली बाटली, आणि प्रत्येक घरी न चुकता प्यायलेला, म्हणून खर्चात न धरलेला चहा. “झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात,” त्या म्हणतात, “आमच्याकडे उघडीच तेवढ्याला पडते.” वर सगळ्या विंगचे मोडके लॉक आमच्याच गॅलरीत, अशी पुस्तीही जोडतात. पण शेजारीण म्हणाली, “काका फारच खटपटे बाई,” की त्यांना राग येतो. कंपनी बंद झाल्यावर पहिले काही महिने तात्या नुसते खुर्चीत बसून होते, हे शेजारणीला ठाऊक नाही. तेव्हा काकूंनीच स्वयंपाकघरातल्या खिडकीचा स्क्रू काढून ठेवला होता, अशी एक बातमी विंगमध्ये आहे. त्यांना विचारलं तर त्या पोळी उलटतात.

गेल्या वर्षी सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत सगळ्या खिडक्यांचं काम एकगठ्ठा कंत्राटदाराला द्यायचं ठरलं. नवी बेअरिंगं, नवे लॉक, नवी हँडलं आणि वर्षाची गॅरंटी. ठरावाच्या बाजूने सगळे हात वर गेले, तात्यांचे दोन्ही खिशात. काम चालू असताना ते रोज खाली खुर्ची टाकून बसत. कंत्राटदाराची पोरं बॅटरीच्या ड्रिलने चार सेकंदांत स्क्रू मारत, आणि प्रत्येक घुर्र आवाजाला तात्या डोळे मिटत. “पंच नाही. तेल नाही. सरळ पत्र्यात!” शेवटच्या दिवशी जुनी हँडलं पोत्यात भरून भंगारवाल्याला दिली. गेटबाहेर तात्यांनी त्याला गाठलं आणि यात अ‍ॅल्युमिनियम किती, जस्त किती, यावर अर्धा तास घासाघीस केली. अखेर अख्खं पोतं किलोच्या भावाने विकत घेऊन घरी नेलं. लिफ्ट बंद होती. टॉर्चवाला नवरा एका टोकाला, तात्या दुसऱ्या.

सध्या आमच्या खिडक्या एका बोटाने सरकतात आणि तात्या त्यांच्याकडे बघतसुद्धा नाहीत. संध्याकाळी गॅलरीत बसून पोत्यातली हँडलं एकेक करून घासतात, तेल देतात, डावी-उजवी वेगळी लावतात. स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं आहे. त्यात पुढच्या मे महिन्याच्या एका तारखेभोवती लाल पेनाने गोल काढलेला आहे. त्या दिवशी चतुर्थी नाही, एकादशी नाही, कुणाचा वाढदिवसही नाही. गॅरंटी संपते. काकूंनी त्या चौकोनात दुधाच्या हिशेबाखाली बारीक अक्षरात लिहून ठेवलंय: ‘रॉकेल बघणे.’